उसवायला शिकवणाऱ्या टीचर

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. सांगितलं फिलोमिना टीचरांनी. माणिकपूरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या, काउंटरवर कागदांचा गठ्ठा ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि नाव विचारायच्या आधी म्हणाल्या, "शर्ट कोण शिवतं हो तुमचे? उजवा खांदा उतरलाय तुमचा. त्याला सांगा तिथे जरा आत घ्यायला." मी म्हटलं, शिवून नाही, तयार घेतो. "मग त्याचा दोष नाही," त्या म्हणाल्या, "त्याने तुम्हाला पाहिलेलंच नाही."

गठ्ठ्यात अकरा मुलींचे कागद होते. दाखले, आधार कार्डं, पासपोर्ट फोटो. मध्येच शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, त्याचा तो सतरा नंबरचा फॉर्म. तो ऑनलाइन भरावा लागतो, आणि कॉम्प्युटरशी टीचरांची ओळख होती, मैत्री नव्हती. म्हणून माझ्याकडे. त्यानंतर दर वर्षी गणपती झाले की तो गठ्ठा माझ्या काउंटरवर यायचा. आठ वर्षं आला. यंदा आला नाही. टीचर यंदाच्या मे महिन्यात गेल्या.

त्यांच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या शोकसभेत बरेच जण बोलले. मलाही दोन शब्द बोला म्हणाले होते. घसा बसलाय असं सांगून मी शेवटच्या रांगेत बसलो. घसा बसला नव्हता.

टीचर आगाशीच्या अलीकडच्या एका गावच्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या वाडीत दोन खोल्यांत राहणाऱ्या. भावाशी बोलताना त्यांची गावची बोली, जी वसईत तीस वर्षं काढूनही मला अर्धीच कळते. आमच्याशी मात्र शाळेतली मराठी, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देऊन. सुती साडी, पदराच्या टोकाला सेफ्टी पिनांची रांग आणि गळ्यात कायम मोजपट्टी. रविवारी मिस्सालाही तशाच जातात आणि चर्चच्या दारात आठवण झाली की ती काढून पर्समध्ये टाकतात, असं त्यांचा भाऊ हसत सांगायचा. कात्री त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवायची, समोरच्याने उचलायची. का, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हातात दिली की घेणाऱ्याला वाटतं, आता कापायलाच पाहिजे."

त्यांचा वर्ग माणिकपूरच्या मागच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या बालवाडीच्या खोलीत भरायचा. बाहेर पाटी होती, 'शिवणवर्ग'. एवढंच. मशिनं मुंबईच्या एका संस्थेने दिली होती. त्या संस्थेच्या बाई एकदा पाहणीला यायच्या होत्या, म्हणून संस्थेने माझ्या दुकानातून मोठं बॅनर करून घेतलं. त्यावर 'किशोरी सक्षमीकरण प्रकल्प' असं लिहिलं होतं, खाली हसणाऱ्या मुलींचा इंटरनेटवरचा फोटो. मी ते पोचवायला गेलो तेव्हा टीचरांनी उलगडून पूर्ण वाचलं, कापड चाचपून पाहिलं आणि उलटं करून कापायच्या टेबलावर अंथरलं. पाहुण्या आल्या, चहा घेतला आणि बॅनर कुठंय म्हणून विचारलं. टीचर म्हणाल्या, तुमचे हात त्याच्यावरच आहेत.

मला नंतर म्हणाल्या, "सक्षमीकरण लिहिलं की एकही बाप पोरीला पाठवणार नाही, सावंत. शिवण लिहिलं की आया स्वतः आणून सोडतात."

वर्गात पहिला अर्धा तास शिवण असायचं, खरंखुरं. त्यानंतर कापडाखालून पुस्तकं निघायची. गणिताला एक निवृत्त मास्तर यायचे, बाकी सगळं टीचर. दारात कुणाची सावली पडली की मुली पुस्तकावर कापड ओढायच्या, इतक्या सफाईने की पाहणाऱ्याला वाटावं कापड सरळ करताहेत. एकदा एका मुलीचे वडील संशयाने आले आणि दारातच स्टूल घेऊन तासभर बसले. मुलींनी एकच रुमाल पाच वेळा दुमडून शिवला. टीचरांनी त्या गृहस्थांच्या शर्टाचं तुटलेलं बटण पाहिलं, सुई-दोरा समोर ठेवला आणि बसल्या बसल्या हे लावून टाका म्हणाल्या. त्यांना येईना. मग त्यांच्याच मुलीने शिकवलं. जाताना ते गृहस्थ बटणावरून हात फिरवत म्हणाले, चांगलं शिकवता हो. पुढच्या वर्षी ती मुलगी दहावी झाली तेव्हा त्यांनी गुणपत्रिकेच्या माझ्याकडून बारा झेरॉक्स काढल्या. बारा कशाला म्हणून मी विचारलं. चाळीत वाटायला.

टीचरांचा सगळा भरवसा याच्यावर होता. त्या म्हणायच्या, निकाल हातात पडेपर्यंत बापाला कळू द्यायचं नाही. परीक्षेला बसू का, असं विचारायला गेलं तर बाप नाही म्हणतो. पास झाल्याचा कागद समोर ठेवला की तोच बाप दुकानात पेढे घ्यायला धावतो. चार वर्षं मी हे होताना पाहिलं होतं. तरीही मला ते पूर्ण पटत नव्हतं. ते का, हे पुढे येईल.

नव्या मुलीला त्या आधी शिवायला शिकवत नसत. जुना फाटका ब्लाऊज द्यायच्या आणि पूर्ण उसवायला लावायच्या, कापड न फाडता. आठवडाभर तेच. मुली कंटाळायच्या. टीचर म्हणायच्या, "उसवता आलं की शिवायची भीती जाते. चुकलं तर चुकलं, परत सोडता येतं." मग जरा थांबून, "कापड कापलं गेलं की मात्र माझ्याकडे उपाय नाही."

आणि गृहभेट. कुठलीही मुलगी सलग तीन दिवस आली नाही की चौथ्या दिवशी टीचर तिच्या घरी. हातात केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी, भावाच्या वाडीतली. रिकाम्या हाताने त्या कुणाच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. एकदा रिक्षा मिळेना म्हणून मी त्यांना स्कूटरवर सोडलं आणि बाहेर थांबलो. अर्धा तास त्या आत बसल्या, ब्लाऊजचे गळे, तांदळाचे भाव, कुणाचं बाळंतपण असं बोलत राहिल्या. मुलीचं नावसुद्धा घेतलं नाही. परत येताना मी विचारलं, ती का येत नाही हे विचारलंच नाहीत?

"मुलीबद्दल विचारायचं नसतं. पाण्याबद्दल विचारायचं. नळ किती वाजता येतो, कोण भरतं. पाणी कोण भरतं ते कळलं की मुलगी का येत नाही ते कळतं."

त्या मुलीच्या घरी नळ वर्गाच्या वेळेलाच यायचा. टीचरांनी वर्गाची वेळ बदलली.

आता मनीषा.

मनीषाचे वडील काशिनाथ मिठागरावर होते. मिठागर गेलं, तिथे इमारती आल्या, आणि काशिनाथ त्यातल्याच एका इमारतीत वॉचमन झाले. वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. मनीषाने आठवी सोडली ती आई आजारी पडली म्हणून. मुलगी शांत, हसताना तोंडावर हात धरणारी. टीचर म्हणायच्या, हिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे, आणि गणितही. मनीषाला नर्सिंगला जायचं होतं, त्याला दहावी लागते हे तिने टीचरांच्याही आधी शोधून काढलं होतं. पाचव्या वर्षीच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर तिचा फॉर्म होता. अठरा पूर्ण व्हायला तिला पाच महिने होते.

फॉर्मवर मोबाइल नंबर लागतो. एक नंबर एकाच उमेदवाराला चालतो. टीचरांचा स्वतःचा, भावाचा, भाचीचा, गणिताच्या मास्तरांचा, असे नंबर त्या मुलींना वाटून देत. त्या वर्षी नऊ मुलींचे नंबर झाले, मनीषाला कमी पडला. टीचर म्हणाल्या, हिचा फॉर्म ठेवा, मी नंबर आणून देते, त्याशिवाय भरू नका. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. दुपारी वेबसाइट मोठ्या मुश्किलीने उघडली. टीचरांचा फोन लागेना. माझ्या जेवणाची वेळ टळून गेली होती. माझ्या वहीत काशिनाथचा नंबर होता, कारण दोन महिन्यांपूर्वी त्यांचं रेशन कार्डाचं काम मीच केलं होतं.

मी तो टाकला.

नंतर स्वतःला मी अनेक वर्षं सांगत आलो की घाईत झालं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं: त्याच जूनमध्ये माझ्या मुलीने सायन्स सोडून आर्ट्‌सचा फॉर्म भरला होता. मला न विचारता, माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर, मी जेवायला घरी गेलो असताना. ते मला अ‍ॅडमिशन झाल्यावर कळलं. तीन महिने मी तिच्याशी धड बोललो नव्हतो. काशिनाथचा नंबर टाकताना माझ्या मनात स्पष्ट शब्दांत काही आलं नाही. पण एक होतं. बापाला कळायला नको का, असं काहीतरी. बोट थांबलं होतं, मग दाबलं. ते थांबणं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथ दुकानात आले. ड्यूटीचा निळा शर्ट अंगावर. फोन पुढे केला. "दादा, जरा बघा ना. रातपाळीत आला मेसेज. बँकेचा हाय का? विंग्रजीत हाय."

मेसेजमध्ये मनीषाचं पूर्ण नाव होतं, आणि अर्ज स्वीकारल्याचं.

त्या क्षणीसुद्धा वेळ गेली नव्हती. कंपनीची जाहिरात आहे, पुसून टाका, असं मी म्हणू शकलो असतो. रोज दहा जणांना तसं सांगतो. पण मी वाचून दाखवलं, मराठी करून सांगितलं, आणि वर अभिनंदन केलं. म्हटलं, नशीबवान आहात, पोरगी दहावीला बसतेय.

काशिनाथनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला. "आमाला कोनी बोललं नाय," एवढंच म्हणाले. रागावले नव्हते. कुणी गर्दीत अंगावरून पुढे निघून जावं आणि आपण तिथेच राहावं, तसा चेहरा होता. माझा जून महिन्यातला चेहरा तसाच असणार. मी त्यांना पाणी विचारलं. नको म्हणाले.

आठव्या दिवशी मनीषा वर्गाला आली नाही. टीचर चौथ्या दिवसाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी सुकेळी घेऊन गेल्या. आई म्हणाली, आत्याकडे गेलीय, डहाणूकडे. टीचरांनी पाणी कोण भरतं ते विचारलं. आता धाकटी भरते, आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. आत्याच्या दिराच्या मुलाशी ठरलं होतं. काशिनाथनी टीचरांना आत बोलावून बसवलं, चहा दिला आणि हात जोडून सांगितलं, "बाय, तुमी खोटं बोललात. तुमच्याकडं भरवशानं पाठवली व्हती."

त्यानंतर टीचर काय काय करत होत्या ते मी पाहिलं. हेल्पलाइनला फोन केला, चौकीत गेल्या, डहाणूच्या त्या गावी दोनदा जाऊन ग्रामसेवकाला भेटल्या. कागदोपत्री लग्न झालंच नव्हतं. मुलगी आत्याकडे राहायला आली आहे आणि खुशीने आली आहे, असं मुलगीच सगळ्यांसमोर सांगत होती, तोंडावर हात न धरता. सगळे जण अठरा पूर्ण व्हायची वाट बघत होते, इतकंच. दुसऱ्यांदा परत आल्या तेव्हा टीचर दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. मी विचारलं, कशी आहे.

"विहीर लांब आहे," टीचर म्हणाल्या. "पाणी तीच भरते."

नोव्हेंबरात मी वर्गावर काही प्रिंट द्यायला गेलो होतो. टीचर मुलींशी बोलत होत्या. मशिनं बंद होती. त्या सांगत होत्या की मनीषाच्या बाबतीत चूक त्यांची झाली, तिच्या आईशी बोलताना परीक्षेचा विषय त्यांच्याच तोंडून निघाला असणार, त्याशिवाय घरी कळलंच नसतं. तुमच्या बाबतीत मी तोंड सांभाळीन, म्हणाल्या. मुली खाली बघत होत्या. मी दारात उभा होतो, हातात प्रिंट. माझ्या तोंडाशी आलं होतं. एक मुलगी उठली, माझ्या हातातले कागद घेतले, थँक्यू काका म्हणाली, आणि मी निघालो.

फेब्रुवारीत प्रवेशपत्रं आली. टीचर म्हणाल्या, मनीषाचंही काढा. तिने परीक्षा देऊ नये असं बोर्डाने कुठे म्हटलंय. मी काढलं. छान चार रंगांत, आणि लॅमिनेट करून दिलं. आपल्या हातून तेवढं तरी नीट व्हावं, असं वाटलं.

टीचरांनी ते उजेडात धरलं. "लॅमिनेट कशाला केलंत? यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो. प्लास्टिकवर शाई बसत नाही." मी म्हटलं, चुकून झालं, दुसरं काढतो. मी आठ-दहा मुलींची प्रवेशपत्रं त्यांच्याचसाठी दर वर्षी काढत होतो. आजवर एकही लॅमिनेट केलं नव्हतं. मनीषा येणारच नाही हे धरून, ज्याला शिक्का लागायचाच नाही, तेच मी प्लास्टिकमध्ये घातलं होतं. टीचर माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्या दिवशी खांद्याकडे बघितलं होतं तसं. मग साधी प्रिंट घेऊन गेल्या, तिच्यावर शिक्का आणला आणि मार्चमध्ये पहिल्या पेपरला केंद्राच्या फाटकाशी ती हातात धरून उभ्या राहिल्या. मनीषाला निरोप पाठवला होता. ती आली नाही.

पुढच्या गणपतीनंतर गठ्ठा आला, नेहमीसारखा. फक्त एक फरक होता. प्रत्येक कागदावर, वर उजव्या कोपऱ्यात, शिंप्याच्या निळ्या खडूने चौकोन आखून आत मोबाइल नंबर लिहिलेला. टीचरांनी चार साधे बटणाचे फोन घेतले होते. मी म्हटलं, चांगली पद्धत आहे ही. त्या म्हणाल्या, हो. अशी तीन वर्षं तेवढेच चौकोन, तेवढाच निळा खडू. मी खडू पुसून कागद स्कॅन करायचो आणि बोटं निळी व्हायची. आम्ही तासन्‌तास एकमेकांसमोर बसायचो, त्या स्टुलावर, मी कॉम्प्युटरशी, आणि त्या विषयावर एक शब्द कुणी काढला नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिचे ब्लाऊज टीचरांनीच शिवले.

यंदा मार्चमध्ये पहिल्या पेपरला त्या आल्या होत्या. जानेवारीत पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि अंगावरची साडी दोन मापं मोठी वाटत होती. मोजपट्टी गळ्यात होतीच. माझ्या दुकानातून ते फाटक समोर दिसतं. सात मुली होत्या, टीचर एकेकीची पट्टी-पेन तपासत होत्या. मी दुकान तसंच उघडं टाकून रस्ता ओलांडला. आज नाही बोललो तर कधीच नाही, हे त्यांच्या साडीकडे बघून कळत होतं.

मी म्हटलं, "टीचर, मनीषाच्या फॉर्मवर काशिनाथचा नंबर मी टाकला होता. मेसेजही मीच वाचून दाखवला त्यांना."

त्यांनी मान वर केली नाही. "पेन आहे का तुमच्याकडे? हिचं चालत नाही."

मी खिशातलं दिलं. मुलगी पळाली. घंटा झाली, फाटक अर्धं लागलं. मग त्या म्हणाल्या, "लॅमिनेशन केलंत तेव्हाच कळलं. घरी जाऊन फॉर्मची जुनी प्रिंट शोधून बघितली. नंबर छापलेला असतो त्यावर, सावंत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून? पुढच्या वर्षीचे फॉर्म कोण भरणार होतं?"

मला काय अपेक्षित होतं कुणास ठाऊक. रागावल्या असत्या तरी चाललं असतं, विसरा म्हणाल्या असत्या तर बहुधा रडलो असतो. यातलं काहीच झालं नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याने हाक मारली. चला, रिक्षापर्यंत सोडतो, असं मी टीचरांना म्हटलं.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "उशीर झालेल्यांना दहा मिनिटं घेतात आत. तेवढं थांबते."

सातही मुली आत गेल्या होत्या.

मी रस्ता ओलांडून आलो, गिऱ्हाइकाचं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी झेरॉक्स केलं, दुसऱ्याचा एक फॉर्म स्कॅन केला आणि बाहेर बघितलं. फाटक पूर्ण लागलं होतं. टीचर त्याला पाठ टेकून उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, आणि काशिनाथच्या जुन्या मिठागराकडून रस्ता जिथे वळतो तिकडे बघत होत्या. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.